गाडीचीही खांदेमळणी हवी



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट यांवर लिहावे असा आपल्या या पत्रिकेचा रिवाज आहे, आणि आजवर आम्हीही तेच लिहीत आलो. पण प्लॉट पाहायला शिवारात फिरताना गेली काही वर्षे एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. ज्या वस्तीवर पूर्वी दावणीला बैलजोडी असायची, तिथे आता डिझेल पिकअप उभी असते. बेणे तिच्यात येते, खत तिच्यात येते, ठिबकाचे पाइप, जनावरांची वैरण, बाजारची भाजी सगळे तिच्याच हौद्यात. हंगाम संपला की हीच गाडी बटाटा, गूळ, कांदा घेऊन घाट उतरते आणि पोलादपूर, महाडचा बाजार करून येते. थोडक्यात, बैलाची जागा तिने घेतली. काम बैलासारखे घेतो, मग तिची निगा बैलासारखी राखतो का, हा आमचा प्रश्न आहे.

बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतो. त्यात भक्ती आहे, तशी नजरही आहे. खांदा चोळताना जखम दिसते, गाठ हाताला लागते. मालकाचा हात फिरला की दुखणे कळते. गाडीला मात्र बेंदराच्या दिवशी हार घालतो, नारळ फोडतो आणि बॉनेट न उघडताच पुन्हा कामाला जुंपतो. याबाबत आम्ही चार शब्द अधिकाराने नव्हे, तर चूक करून शिकलो म्हणून लिहीत आहोत.

आमचीच चूक

आमचे मूळ गाव सव, तालुका महाड. सावित्रीच्या काठचे, गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे लोकांना ठाऊक असलेले. नोकरी घाटावर, पण घरची भातशेती अजून तिथेच, त्यामुळे आंबेनळी आणि वरंध हे दोन्ही घाट आमच्या पायाखालचे. सावित्रीत भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते. वरून मुसळधार पाऊस आणि खालून भरती अशी गाठ पडली की पाण्याला जायला वाट राहत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी तसेच झाले. महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. घाटरस्ते तुटले, फोन बंद पडले. आमच्या थोरल्या चुलतभावाची, म्हणजे दादाची, पिकअप रात्रभर पाण्यात होती. पाणी बॉनेटच्या वर गेले होते. चार दिवसांनी फोन लागला. माणसे सुखरूप आहेत हे ऐकून जीव भांड्यात पडला. मग दादा म्हणाला, "गाडी धुतली रे. ऊन पण पडलंय. चालू करून बघू का?"

आम्ही म्हणालो, "डिझेल इंजिनाला पाण्याचं काय होतंय? मार सेल्फ."

पहिल्या सेल्फला इंजिन अडले. दुसऱ्याला एक उसळी मारून आतून ठक् असा आवाज आला, आणि मग काहीच नाही. इंजिन उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. आठ दिवसांत रस्त्यावर आली असती ती गाडी चार महिने पत्र्याखाली उभी राहिली. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. दादा आजवर आम्हाला एका शब्दाने बोललेला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

कृषी पदविका घेतलेल्या, दहा जणांना सल्ला देणाऱ्या माणसाने अर्धवट माहितीवर दिलेला हा सल्ला. त्यानंतर आम्ही पुस्तके वाचली, मेस्त्र्यांजवळ बसलो, पाने हातात घेतले. जे शिकलो ते पुढे देतो.

पाण्याखाली गेलेली गाडी

आधी हेच सांगतो, कारण कृष्णा-कोयनेकाठच्या सभासदांनाही याची गरज पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सिलिंडरमध्ये सतरा-अठरा पट, काही जुन्या इंजिनांत वीस-बावीस पट दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेने डिझेल पेटते. म्हणजे पिस्टन वर गेल्यावर जागा उरते ती अगदी थोडी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कपभर पाणी आत असले तरी पिस्टन अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो.

म्हणून पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका. बॅटरीची ऋण तार आधी सोडवा. गाडीचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मगच हात लावा. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. फिल्टर ओला असला तर पाणी पुढे गेले असे धरून चाला. ऑइलची पट्टी काढून पाहा, ऑइल दुधी झाले असेल तर त्यात पाणी आहे. पुढचे काम मेस्त्रीचे. इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढणे, इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल या तिन्हींचे ऑइल बदलणे, डिझेलची टाकी रिकामी करून धुणे, चाकांच्या बेअरिंगचे ग्रीस बदलणे. यातले एकही टाळू नये. गिअरबॉक्स वरून कोरडा दिसतो, पण हवा जाण्याच्या छोट्या तोटीतून पाणी आत ओढले गेलेले असते.

आणि पुराच्या पाण्यात गाडी घालूच नका, हे तर आलेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडला, दोन एस.टी. बसगाड्या व इतर वाहने माणसांसह वाहून गेली. अंधारात पुढे रस्ता आहे की नाही हे कोणाला दिसले नव्हते.

खर्च कुठे करतो आणि कुठे करायला हवा

नवी गाडी आली की पहिल्या महिन्यात आपण काय काय बसवतो? मोठा भोंगा, रंगीत दिवे, गाणी, काचेवर घराण्याचे नाव, आणि सगळ्यांत आधी मागे दोन पाटे वाढवून घेतो. हौस असावी, आमची हरकत नाही. पण पाटे वाढवण्याला मात्र आमची सक्त हरकत आहे. पाटा वाढला म्हणजे गाडीची ताकद वाढली असे आपण समजतो. प्रत्यक्षात वाढतो तो फक्त मालाचा ढीग. अ‍ॅक्सल तेच, टायर तेच आणि ब्रेक तेच राहतात. बैलाला मोठी गाडी जुंपली म्हणून बैल मोठा होत नाही. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. अपघात झाल्यावर विमावाले पहिल्यांदा हेच शोधतात.

ज्याला खरी सुधारणा म्हणावी अशा गोष्टी साध्या आहेत, स्वस्त आहेत आणि बहुतेक आपल्या हाताने होण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट डिझेलमधले पाणी. जुन्या महिंद्रा जीपमध्ये प्यूजोच्या परवान्याने बनलेले २११२ सीसीचे इंजिन असायचे. ते बिचारे सोशिक. आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. आपल्या टायरमध्ये हवा असते तीन-चार बार, यावरून अंदाज घ्या. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. तिथे पाण्याचा थेंब किंवा गंज गेला की इंजेक्टर बाद, आणि चार इंजेक्टरांच्या किमतीत चांगली म्हैस येते. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठायची जागा आणि ते सोडायचा स्क्रू असतो. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्याला, खाली वाटी धरून तो सैल करावा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत गळू द्यावे व पुन्हा आवळावा. पाच मिनिटांचे काम. जुन्या गाडीला ही सोय नसेल तर पाणी वेगळे करणारा भांड्याचा फिल्टर मेस्त्रीकडून बसवून घ्यावा. वस्तीवर कॅनमध्ये डिझेल साठवत असाल तर कॅन हलवून ओतू नका, तळाचे चार बोटे डिझेल गाडीत घालू नका. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत हवेतला दमट वाफारा धरतो. महाड-पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे हे फार जाणवते.

दुसरी गोष्ट हवा. उसाच्या फडातली धूळ आणि पाचटाचा भुसा इंजिनाला विषासारखा. कागदी फिल्टर आतून बाहेर, हलक्या हवेने झटकावा. तो धुऊ नये, आपटू नये, वेळ झाली की बदलावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप आणि त्याच्या पट्ट्या हाताने चाचपाव्यात. पाइपला चीर असली तर नवा फिल्टर असूनही धूळ मागच्या दाराने आत जाते. आणि सायलेन्सरजवळ साठलेले पाचट हंगामात रोज काढा, ते पेटते.

तिसरी गोष्ट पाणी. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतायची सवय सोडा. काळ्या रानातले पाणी जड असते, घागरीला जसा पांढरा थर धरतो तसा रेडिएटरच्या नळ्यांना आतून धरतो. कुलंट आणि बॅटरीचे शुद्ध पाणी कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात घालावे. जाळीत अडकलेला भुसा इंजिनाच्या बाजूने बाहेर असा पाणी मारून काढावा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आम्ही गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावचे, पण ते सुख अंघोळीपुरतेच बरे.

चौथी गोष्ट उजेड. अनेक जुन्या पिकअपचा उजेड मंद असतो, म्हणून लोक मोठ्या वॅटचे बल्ब घालतात आणि वायरिंग जाळून घेतात. दोष बहुधा बल्बचा नसतो. सगळा प्रवाह लांबच्या वायरींतून आणि स्विचमधून फिरून येतो, वाटेतच त्याचा जोर कमी होतो. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले घालून घेतला की तोच बल्ब लख्ख पेटतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे घराला कडी न लावता आत चूल पेटती ठेवून जाणे. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टीही लावा. उसाच्या ट्रॉल्यांना तर ती लावाच. अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून किती घरे उजाड झाली हे आपल्या भागाला सांगायला नको.

पाचवी गोष्ट ग्रीस आणि टायर. शॅकल, किंगपिन, जॉइंटचा क्रॉस, जिथे जिथे निपल आहे तिथे वेळच्या वेळी ग्रीस द्या. गाडी पाण्यातून गेली तर त्याच आठवड्यात द्या. आणि भाकरी का करपली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर आपण पोरांना शिकवतो, न फिरवल्याने. टायर एका बाजूने का झिजला, याचेही उत्तर बहुधा तेच.

घाटाचा हिशेब

आता ब्रेक. यात हौस नाही, काटकसर नाही, फक्त हिशेब आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच. पोलादपूर जवळजवळ तळाला. म्हणजे चाळीसएक किलोमीटरमध्ये गाडी बाराशे मीटरहून अधिक खाली उतरते. तीन टन वजनाची भरलेली पिकअप उतरताना जी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण एक लिटर डिझेल जाळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेइतकी भरते. शंभर लिटर पाण्याला उकळी येईल एवढी. हा निखारा तुम्ही ब्रेकच्या लायनरवर ठेवता की इंजिनावर, एवढाच प्रश्न आहे. अर्धा टन माल जादा भरला की निखारा सहाव्या हिश्श्याने वाढला.

म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे 'हुशार' लोक आम्हाला ठाऊक आहेत. इंजिन बंद पडले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि वाचते काय तर चहाचे पैसे. अनेक डिझेल गाड्यांत हा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागे असतो. फॅनचा पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा लागतो, तेव्हा लोक म्हणतात, "राहू दे, दिवसा चार्जिंग कशाला?" अहो, तो ब्रेकचाही दिवा आहे. चिरलेला पट्टा वेळीच बदला आणि एक पट्टा सीटखाली ठेवा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळते, ओलावा धरलेले १४० च्या आसपासच उकळू शकते. घाटात तापून त्याची वाफ झाली की पेडल तळाला जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे, आणि झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच घालावे. पातळी आपण रोज पाहावी, पण ब्रेक उघडण्याचे काम जाणत्या मेस्त्रीलाच द्यावे.

याच आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जण गेले. आमच्याच क्षेत्रातली माणसे. त्या अपघाताच्या कारणात आम्ही शिरत नाही, तो आमचा अधिकार नव्हे. पण तिथून जाताना आमचा पाय आपोआप ब्रेकवरून निघून हात गिअरवर जातो. ऊसतोड मजुरांची बायका-पोरे हौद्यात बसवून घाट उतरवणाऱ्या मालकांनी तर एकदा त्या कठड्याशी उभे राहून खाली पाहावे. मालवाहू गाडीत माणसे भरणे गुन्हा आहेच, त्याआधी ते पाप आहे.

"मग मेस्त्री कशाला?"

असे काही सभासद विचारतील. "नव्या गाड्यांत सगळा कॉम्प्युटर, आपण काय करणार?" असेही म्हणतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बी.एस. ६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, तेव्हापासूनच्या गाड्यांत सेन्सर, धूर गाळणारी यंत्रणा असे बरेच आले. त्यात बोट घालू नये. धुराचा फिल्टर काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला नमस्कार करून पुढे जावे. जुन्या पंपाच्या गाडीत हवा धरली तर नट सैल करून ती काढता येते. कॉमन रेलच्या गाडीत दाबाचा पाइप चुकूनही सोडवू नका. त्यातून सुटणारी डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

पण पाणी सोडणे, फिल्टर पाहणे, पट्टा दाबून पाहणे, नट आवळणे, ग्रीस देणे, हवा मोजणे याला कॉम्प्युटर लागत नाही. डॉक्टर आहे म्हणून आपण दात घासायचे थांबत नाही. आणि मालक स्वतः बॉनेट उघडतो हे कळले की मेस्त्रीही जपून बोलतो, ड्रायव्हरही जपून चालवतो. एक शंभर पानी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, डिझेल, काय बदलले, एवढेच लिहा. आपण प्लॉटची लागण तारीख लिहितो, मग गाडीची का नको? मायलेज घसरू लागले की ही वही दुखणे आधी सांगते.

शेवटी व्यवस्थापनाकडे आमची एक विनंती आहे. हंगाम संपला की आपल्या वाहन विभागातल्या मेस्त्री मंडळींना थोडी उसंत असते. बेंदराच्या आधीच्या आठवड्यात गटवार एक दिवस ठेवावा. सभासदांनी आपली गाडी घेऊन यावे, आणि मेस्त्रींनी काम करून न देता सभासदांच्या हातून करून घ्यावे. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनाही सोबत आणावे. खर्च म्हणाल तर चहा आणि चार डबे ग्रीस. बेणेमळ्याच्या प्रात्यक्षिकाने जसा खोडव्याचा उतारा सुधारतो, तसा एका प्रात्यक्षिकाने एखादा कनेक्टिंग रॉड, एखादा घाटातला जीव वाचला, तर सहकाराचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

सवची ती पिकअप आता पुन्हा धावते. गेल्या बेंदराला आम्ही गावी गेलो तेव्हा दादा गाडीखाली पाठीवर पडून निपलला ग्रीस देत होता. आम्ही बाही सरसावून खाली वाकलो, तर आतूनच आवाज आला, "तू पाना दे फक्त. सल्ला नको."

आम्ही पाना दिला. आपणही आपल्या गाडीपुढे आज तेवढे करावे, ही कळकळीची विनंती.

— ऊस विकास अधिकारी